पडद्यामागून पाहिलेला चरक

मराठी चौथीत मी शाळा सोडली. शाळेचा आणि माझा काही वाद नव्हता. घरात मेंढरं वाढली होती आणि त्यांच्यामागे फिरायला माणूस कमी पडत होतं, एवढंच. आमचं गाव वडूजच्या पुढं, कोरड्या माळावर. तिथं ऊस बघायचा तर जत्रेत, तोही दुसऱ्याच्या हातात.

विसाव्या वर्षी मी सांगलीत एका लोखंडी कारखान्यात लागलो. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, दोन भट्ट्या, एक लेथ आणि पंधरा-सोळा माणसं. आम्ही घमेली, बादल्या, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा असलं काहीबाही करायचो. मालकांनी मला कामावर का ठेवलं हे मला कधीच कळलं नाही. विचारावंसं वाटायचं, पण विचारलं तर त्यांनाही तोच प्रश्न पडेल अशी भीती होती. म्हणून मी नुसता उपकार मानत राहिलो. सकाळी मालक दिसले की उपकार मानायचो, संध्याकाळी दिसले की पुन्हा. एकदा ते वैतागून म्हणाले, "अरे, तू नमस्कार केलास की मला वाटतं मीच काहीतरी विसरलोय."

भित्रेपणा हा माझा दुसरा गुण. भट्टी नीट विझली का हे बघायला मी खानावळीतल्या अर्ध्या भाकरीवरून उठून यायचो. मालकांना राग आला की ते ओरडत नसत. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत. असं दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळेला आठवड्याच्या आत एकेक माणूस घरी गेला होता. तेव्हापासून मालकांच्या चष्म्यावर धूळ दिसली तरी माझी भट्टीकडं आणखी एक चक्कर व्हायची.

शाळा सुटली होती, पण शिकायची हौस सुटली नव्हती. तिथं मला तीन मास्तर मिळाले. पहिला मास्तर सिनेमा, दुसरं एक मासिक आणि तिसरे आमचे हेडमिस्त्री.

सिनेमा गणपती झाले की तंबूतून यायचा. पडदा मध्यभागी टांगलेला. पुढं बसायला पूर्ण तिकीट, पडद्याच्या मागं बसायला निम्मं. तिकीटवाला म्हणाला, "पडदा पातळ हाय, वर पाणी मारतोय. दोनीकडनं सारकंच दिसतंय. मागं गर्दी बी कमी." मला ते पटलं. मी सगळे सिनेमे मागून पाहिले.

काही गोष्टी खटकायच्या, पण मी मनाला समजावायचो. पडद्यावरची सगळी बडी माणसं डाव्या हातानं जेवायची. मला वाटलं, मुंबईची रीत असेल. बायकांचा पदर उजव्या खांद्यावर असायचा. वाटलं, नट्या गुजराती असतील. सुरुवातीची नावं तर मला एक अक्षर वाचता येत नसत. त्याचा दोष मी स्वतःकडे घेतला. चौथीत शाळा सोडलेल्या माणसानं आणखी काय करायचं? पण बोलणं नीट ऐकू यायचं आणि त्यातून मी धडे घ्यायचो. त्यातला सगळ्यात मोठा धडा असा, की जो माणूस मध्यंतराच्या सुमारास गाव सोडून पळतो, तो शेवटच्या रिळात सापडतोच, आणि तेव्हा त्याची दाढीही वाढलेली असते.

मासिक मालकांकडे टपालानं यायचं. जुने अंक भट्टीजवळच्या फळीवर पडत आणि दुपारच्या सुट्टीत मी एकेक ओळ बोटानं पुढं सरकवत वाचायचो. त्यात आत्मविश्वासावर एक लेख होता. लेखकाचं म्हणणं असं, की यशस्वी माणूस 'मला माहीत नाही' हे शब्द तोंडातून काढत नाही. कोणी काही विचारलं तर त्यानं ताठ उभं राहावं, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं आणि ठाम उत्तर द्यावं. सरावासाठी आरसा घ्यावा. माझ्याकडे आरसा नव्हता. मी पाण्याच्या बादलीत बघून सराव केला. पण माझ्याच श्वासानं पाणी हलायचं आणि ठाम चेहरा काही शेवटपर्यंत ठाम राहत नसे.

हेडमिस्त्रींना लेख-बिख माहीत नव्हते. त्यांची एकच पद्धत. नवीन वस्तू तयार झाली की ती घरी न्यायची आणि काही न बोलता चुलीजवळ ठेवायची. आठ दिवस बायकोनं वापरायची. तिनं शिव्या घातल्या की वस्तू परत भट्टीत. बादलीची कडी चार वेळा बदलली ती अशीच. "गड्या," ते मला म्हणायचे, "आपुन करतोय उबं ऱ्हाऊन आणि ती वापरतीया वाकून. तिलाच इचाराय पायजे." मला हे फारच साधं वाटायचं. मासिकात असलं काही नव्हतं.

लढाईचे दिवस होते. बाहेरून येणारे उसाचे चरक बंद झाले होते आणि कृष्णाकाठचे बागायतदार हैराण होते. मालकांनी चरक करायचा ठरवला. कुठून तरी जुन्या चरकाचे भंगार रूळ मिळाले, पण सांगाडा मोडलेला आणि पट्ट्या गायब.

चरकात लोखंडी रूळ तीन, उभे, एका ओळीत. मधल्या रुळाच्या डोक्यावर लांब दांडा, दांड्याला बैल. बैल गोल फिरले की रूळ फिरतात. ऊस घालणारा समोर बसतो. पहिल्या दोन रुळांच्या फटीत तो ऊस सारतो. ऊस चेपून पलीकडं जातो, तिथली वाकडी पट्टी त्याला वळवते आणि दुसऱ्या फटीतून तो चिपाड होऊन परत समोर येतो. रस खाली. आत जाणारी फट मोठी, बाहेर येणारी बारीक. आता कुठली फट आतली आणि कुठली बाहेरची, हे बैल कुणीकडून फिरतात यावर ठरतं. सांगाडा मोडलेला असल्यामुळे नेमकं तेच कळायला मार्ग नव्हता.

मालकांनी मला बोलावलं. "तू खेड्यातला. गुऱ्हाळात बैल कसे फिरतात रे? चरक त्यांच्या डाव्या हाताला असतो की उजव्या?"

मी आयुष्यात चरक पाहिला नव्हता. म्हणजे, एकदाच पाहिला होता, सिनेमात. त्यातल्या नायकाचं गुऱ्हाळ होतं आणि नायिका रस प्यायला यायची. 'मला माहीत नाही' हे शब्द ओठांवर आले होते. पण मासिक आठवलं. मी ताठ झालो, मालकांच्या डोळ्यांत पाहिलं आणि सिनेमा आठवून म्हणालो, "डाव्या हाताला, मालक."

"डोळ्यात काही गेलंय का तुझ्या?"

"न्हाई मालक."

"नक्की डावा?"

"नक्की."

मालक खूश झाले. त्यांनी मिस्त्रींना सांगितलं, मिस्त्रींनी तसा चरक जुळवला. मिस्त्रींची पंचाईत एकच झाली, की चरक घरी नेऊन बायकोला देता येईना. मग शेडच्या मागच्या अंगणात आम्ही पाच जणांनी दांडा ढकलत तो फिरवून पाहिला. झकास चालला. माणसाला कुठूनही फिरवा, तो बिचारा फिरतो.

चरकाला पहिलं गिऱ्हाईक मिळालं उंब्रजचं. फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार होते, नदीकाठी पंधरा एकर ऊस. मालक म्हणाले, "तू बरोबर चल. बसवायचा, चालवून दाखवायचा. आणि हे बघ, चरक चालला तर मागची चौथी खोली तुझी. बायकोला घेऊन ये."

ही खोली म्हणजे माझ्या जिवाचा घोर होता. शेडच्या मागं कामगारांच्या चार खोल्या होत्या, त्यातली एक रिकामी. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण सगळे दिवस धरले तरी आम्ही दीड महिना एकत्र काढला होता. बायकोला लिहिता येत नव्हतं. तिच्या वतीनं मेहुणा पत्र लिहायचा. पाऊसपाणी, मेंढरं, कोण आजारी, कोण बरं, सगळं लिहून शेवटी एक ओळ ठरलेली: खोलीचे काय झाले ते कळवणे. ती ओळ मेहुण्याची नव्हती, हे मला कळायचं. एका पत्रात तर पाऊसपाणीसुद्धा नव्हतं, नुसती तेवढी ओळच होती.

चरक रेल्वेनं कराडला नेला, तिथून बैलगाडीनं उंब्रजला. दोन दिवस खपून मी तो गुऱ्हाळात रोवला. तिसऱ्या दिवशी सकाळी पूजा. हवालदारांच्या आईनं चरकाला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बैलांची वाट म्हणजे पवित्र जागा, म्हणून सगळ्यांनी पायताणं काढून एका कडेला, पूजेच्या पाटामागं ठेवली. मीही ठेवली. निम्मं गाव जमलं होतं. मालक खुर्चीवर बसले होते.

बैल आले. खिलारी जोडी, आमच्याच माळाकडची पैदास, ताठ शिंगांची. हवालदारांनी त्यांना दांड्याला जुंपायला नेलं. मी म्हणालो, "असं न्हाई, तोंड तिकडं करा. चरक डाव्या हाताला यायला पायजे."

हवालदार थांबले. "डाव्या? आमचं बैल उजव्या हातानं फिरत्यात. देवाला फिरावं तसं."

"नव्या चरकाला डावंच लागतंय," मी म्हणालो, ताठ उभा राहून, डोळ्यांत बघून.

"आर्डर म्हंजे आर्डर," असं म्हणून फौजी माणसानं बैल उलट जुंपले आणि आरोळी दिली. बैल हलले नाहीत. पुन्हा आरोळी. कासरा ओढला, शेपटी पिरगाळली, गूळ दाखवला. पांढऱ्या बैलानं गूळ खाल्ला आणि तो तसाच उभा राहिला. दुसऱ्यानं मान वळवून आपल्या नेहमीच्या वाटेकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि खाली बसला.

"अटेंशन!" हवालदार ओरडले. बैलानं कान हलवला.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "हवालदार, त्याला रजेवर सोडा, लय दमलाय."

म्हातारी आई पुढं आली. "आरं, उलटी परदक्षिणा कुटं घालत्यात व्हय? त्या मुक्या जित्राबाला कळतंय, तुमास्नी कळंना!"

शेवटी हवालदारांनी बैल सोडले आणि त्यांच्या रीतीनं, चरक उजव्या हाताला ठेवून जुंपले. बैल असे सुटले की जणू अपमानाची भरपाईच करायची होती. हवालदार स्वतः ऊस घालायला बसले, उसाचं पहिलं टिपरू फटीत सारलं. रूळ उलटे फिरत होते. चरकानं ते टिपरू घेतलं नाही, परत दिलं, थेट हवालदारांच्या छातीवर. दुसरं घातलं, तेही परत.

"च्यामायला, फायरिंग करतोय रं ह्यो!" हवालदार उठून बाजूला झाले.

लोक हसू लागले. मी मालकांकडं पाहिलं. मालकांनी चष्मा काढला होता. सोगा हातात घेतला होता. सावकाश, गोल गोल, ते काच पुसत होते.

त्याच वेळी रस्त्यावर साताऱ्याकडं जाणारी मोटार भोंगा वाजवत थांबली. लढाईत पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशावर चालायच्या, आणि एकदा थांबली की निघायला वेळ घ्यायची. मला पोचायला सहज जमलं असतं. सातारा, तिथून वडूज, तिथून मेंढरं. मेंढरांना डावं-उजवं काही नसतं. मी चार पावलं मागं सरलोही. मग आठवलं, पायताणं पूजेच्या पाटामागं होती आणि पाटापुढं मालकांची खुर्ची. अनवाणी पळावं म्हटलं, तर आठवला पळून जाणारा माणूस, शेवटच्या रिळातला, दाढीसकट. आणि आठवलं ते एका ओळीचं पत्र.

मी पुढं गेलो. डोळ्यांत बघणं काही जमलं नाही, मालकांच्या सोग्याकडं बघतच बोललो.

"मालक, मला म्हाईत न्हवतं."

"काय माहीत नव्हतं?"

"बैल कुनीकडनं फिरत्यात ते. मी चरक कवाच बगितला न्हाई. आमच्याकडं ऊसच न्हाई."

"मग नक्की म्हणून सांगितलंस ते?"

"सिनेमात बगितला हुता."

"सिनेमात बैल उलटे फिरतात?"

"न्हाई... म्हंजे... मी पडद्याच्या मागच्या अंगाला बसलो हुतो. निम्म्या तिकिटात."

सगळ्यात आधी हवालदारांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी मांडीवर थाप मारली. "आरं तिच्या! छावणीत आमास्नी बी मागंच बसवायचं! मला वाटायचं, सिनेमातलं सायेब लोक सलाम डाव्या हातानं करत्यात. आमच्या सुभेदाराला मी तसं इचारलं बी हुतं. त्यानं मला तीन दिस भांडी घासायला लावली!"

मग गुऱ्हाळ जे हसलं, ते किती वेळ हसलं सांगता येत नाही. म्हातारीला पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागलं. तिला समजलं तेव्हा सगळ्यांचं हसून झालं होतं, मग ती एकटी हसली. मालक मात्र अजून चष्मा पुसत होते.

मला तिथं उभं राहवेना, म्हणून मी चरकाच्या पलीकडच्या अंगाला गेलो. कुठंतरी तोंड लपवायचं म्हणून गेलो, दुसरं काही नाही. तिथून मागून चरक पाहिला. पडद्यामागून सिनेमा पाहावा तसा. मागून पाहिलं तर उजवी फट डावीकडं होती आणि डावी उजवीकडं. बैल आपल्या मर्जीनं फिरत होते. ज्या फटीनं समोर टिपरू परत दिलं होतं, तीच फट मागून आत ओढत होती. मी एक वाळकं पान तिच्यासमोर धरलं. फटीनं ते माझ्या बोटांतून गिळलं आणि समोर टाकलं. समोरून ऊस घेणारी फट आता दुसरीच झाली होती, जिच्यातून आम्ही चिपाड काढणार होतो ती.

म्हणजे चरक चुकीचा नव्हताच. त्याचं तोंड चुकीच्या जागी होतं.

मी पलीकडूनच ओरडलो, "बैल थांबवा! मला तासभर द्या!"

तोंडाची, ऊस फटीकडं नेणारी पट्टी काढली आणि दुसऱ्या फटीला लावायला घेतली. भोकं एका बोटानं चुकत होती. तिथं भोक पाडायचं साधन नव्हतं. मग बाभळीच्या पाचरी ठोकल्या, वर काथ्या गुंडाळला. स्क्रू फिरवून मोठी फट बारीक केली, बारीक फट मोठी केली. हवालदार शेजारी उकिडवे बसून मला पाना देत होते आणि दर वेळी विचारत होते, "ह्यो डावा का उजवा?" दर वेळी लोक हसत होते. मीही दोनदा हसलो.

तासाचे दोन तास झाले. बैल पुन्हा जुंपले, त्यांच्या रीतीनं. हवालदार या खेपेला ऊस घालायला बसेनात. "आदी तू बस. छाती तुजी." मी बसलो. टिपरू सारलं. चरकानं ते घेतलं. दुसऱ्या फटीतून चिपाड परत आलं, चपटं, कोरडं. खाली पन्हळीत रसाची बारीक धार लागली आणि मग जाड झाली. रस पाहून मला रडू आलं, पण मी घाम पुसतोय असं दाखवलं.

म्हातारीनं पहिला रस देवाला दाखवला, मग तांब्या माझ्यापुढं धरला. "घे रं, उलट्या मिस्त्री." ते नाव पुढं सांगलीपर्यंत आलं आणि तीस वर्षं टिकलं.

मालकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला होता.

परतीच्या गाडीत सगळा वेळ मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो. त्यांना झोप लागली होती. मिरजेच्या अलीकडं जागे झाले आणि म्हणाले, "पुढच्या चरकाला दोन्हीकडं भोकं पाडायची. पट्टी हवी तिकडं लागली पाहिजे. गिऱ्हाइकाच्या बैलाला विचारल्याशिवाय आवळायची नाही." मी हो म्हणालो. ते पुन्हा झोपले. खोलीबद्दल चकार शब्द नाही. मला वाटलं, संपलं.

हेडमिस्त्रींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बैलाला इचारलं का? आमच्या घरात मी तेच म्हनतोय," आणि कामाला लागले. आठ दिवस मी रोज सकाळी मालकांच्या चष्म्याकडं बघत काढले. नवव्या दिवशी मिस्त्रींनी माझ्याकडं एक किल्ली फेकली. "चौथी खोली. मालकांनी दिल्याय. दार आत न्हाई, भाईर उगडतंय. म्हून तुलाच दिली असंल."

मी पुढच्या सिनेमाचा पैसा वाचवून खिळे आणले. शेडमधल्या उरलेल्या फळ्यांची मांडणी केली. चूल मांडली. चुलीच्या उजव्या हाताला फळी ठोकली, म्हणजे बायकोला बसल्या बसल्या मिठाची बरणी, तिखटाचा डबा, पळी घेता येईल. मिस्त्रींच्या पद्धतीनं उकिडवं बसून मी स्वतः हात पुरतो का पाहिलं. पुरत होता. मला फार अभिमान वाटला.

ती मेहुण्याबरोबर आली, डोक्यावर गाठोडं. खोलीत शिरली, दार बाहेर उघडतंय हे पाहून जरा थबकली, मग चुलीपुढं बसली. डावा हात पुढं केला, तो भिंतीला लागला. मग सगळं अंग वळवून डावाच हात फळीपर्यंत नेला, बरणी घेतली आणि माझ्याकडं पाहिलं.

"ही फळी हितं कुनी मारली?"

"मीच."

"मी डावरी हाय. दोन वर्सं झाली लगनाला, तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय?"

मी ताठ उभा राहिलो नाही. डोळ्यांतही पाहिलं नाही, तिच्या डाव्या हाताकडं पाहिलं. त्या हातानं तिनं दीड महिना मला भाकरी वाढली होती आणि मला ते दिसलं नव्हतं.

"म्हाईत न्हवतं," मी म्हणालो.

"मग इचारायचं," ती म्हणाली आणि बरणी खाली ठेवली.

मी शेडमधून हातोडा आणि खिळे आणले. फळी उखडली. डावीकडं लावली. उजवीकडचे खिळे मी काढणार होतो, पण तीच म्हणाली, "ते असू द्या. तुमी चूल पेटवाल तवा पळी अडकवायला तुमास्नी लागतील."